भर मे महिन्यात थंडी

तुमसरच्या त्या राइस मिलमध्ये दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. सेवकराम पट्ट्यापाशी धानाची पोती रिकामी करत होता आणि त्याची बायको सत्यभामा दाराशी कोंडा झाडत होती.

"मले थंडी लागून राहिली वं," सेवकराम म्हणाला.

हमाल खदखदून हसले. सत्यभामाला हसू आलं नाही. तिनं वळून पाहिलं. नवऱ्याच्या अंगावर घामाचा थेंबही नव्हता, तो झोकांड्या खात होता, आणि आधारासाठी त्याचा हात फिरत्या पट्ट्याकडे चालला होता. झाडू टाकून ती धावली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला.

पट्टा थांबला. त्यावर हात टेकला तसा सेवकराम कोसळला. तिनं अख्खा माठ त्याच्या अंगावर ओतला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओला पदर कपाळावर धरला.

"ऑटो बोलवा कोनी!" ती ओरडली. मग त्याच्यावर वाकून म्हणाली, "नाव सांगा तुमचं. काय नाव हाय तुमचं?"

त्याला ते काही केल्या आठवेना.

तेवढ्यात शेठ तणतणत आत आले. "चालू मिल कोनं बंद केली? ज्यानं केली त्याले आजच घरी पाठवतो."

सगळे सत्यभामाकडे पाहू लागले. ती बोलणार, इतक्यात मांडीवरचं डोकं हललं.

"मीनं केली, शेठ," सेवकराम पुटपुटला. "तिले काई म्हनू नोका."