अस्वलाची खुर्ची

ग्वेइहुआ आजी आयुष्यात पहिल्यांदा एकटीच चोंगछिंग शहरात आली होती. गावात भेटेल तो आधी "जेवलीस का?" विचारतो, इथं दिवसभर हजार माणसं खांदा घासून गेली, पण मेलं एकाने तोंड उघडलं नाही. संध्याकाळी ती हॉटपॉटच्या, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्शात शिजवून खायच्या, दुकानात बसली, तशी वाढणाऱ्या पोरीने समोरच्या खुर्चीत कापसाचं भलंमोठं अस्वल आणून बसवलं.

"हे गं कशाला?"

"एकट्या गिऱ्हाईकाला सोबत म्हणून देतो, आजी."

आजीने अस्वलापुढे वाटी सरकवली. "काय रे, जेवलास का?"

"नाही अजून," पोरीच्याच तोंडून निघून गेलं.

आजीने अस्वल उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"मग उभी का गं? बस."