पुढचा प्रयोग

नळदुर्गच्या घरात पाऊल टाकताच शिवांजली ओरडली, "अप्पा, दोन वर्षांचा प्रयोग जमला!" खांद्यावरची बॅगही न उतरवता ती सांगत सुटली. उंदरांची तान्ही पिल्लं रोज काही तास आईपासून दूर ठेवली, की दारूचा परिणाम त्यांच्यावर निराळाच होत होता.

बलभीमअप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "अन् त्या पिल्लांस्नी पुन्हा कुणी जवळ घेतलं तर?"

"तोच तर पुढचा प्रयोग!" तिनं आनंदानं टाळीच वाजवली.

"त्याला उंदीर कशाला पायजेत? म्या आठ दिसांचा असताना माय गेली. पुढं दारूनं लई धरलं. तू मांडीवर आलीस, त्या दिवसापास्नं थेंब न्हाय घेतला."