कडावचा नारळ वाळवंटात

पाण्यापुढे माणूस खोटं बोलेल, नारळ कधीच बोलणार नाही. हे चिरंतन सत्य वाल्मिक पाणाड्याने जीपच्या मागच्या सीटवरून सांगितलं आणि लगेच प्लास्टिकच्या पिशवीत उलटी केली.

"नारळ बोलत नाय तेच बरं हाय," त्याची पाठ चोळत त्याची बायको सोनाबाई म्हणाली. "बोलला असता तर तुमची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढली असती."

जीपमध्ये हशा पिकला. कडावच्या दूध सोसायटीची ही वार्षिक सहल. एरवी ती महडच्या गणपतीला जायची आणि संध्याकाळच्या धारेला परत यायची. यंदा चेअरमन प्रवीणला कुठून तरी एक रंगीत पत्रक मिळालं होतं. वाळवंट, तंबू, उंट, आणि हजार वर्षांत न आटलेलं ओअ‍ॅसिस. बावीस सभासद म्हशी पाहुण्यांवर सोपवून तीन जीपांतून थेट जैसलमेरच्या पुढे येऊन पोचले होते.

"ओअ‍ॅसिस म्हंजे काय गं?" सोनाबाईने प्रवीणच्या मुलीला विचारलं.

"वाळवंटातला जिवंत झरा, आजी," सुरभी म्हणाली. ती कॉलेजात होती, त्यामुळे प्रश्न मिटला.

उंटांपेक्षा सगळ्यांचं लक्ष वाल्मिकच्या पिशवीतल्या नारळाकडे होतं. सोसायटीच्या आवारात बोअर मारायची होती. इंजिनियरने यंत्र फिरवून फाटकाजवळ खूण केली, वाल्मिकने तळहातावर नारळ आडवा ठेवून गोठ्यामागे. नारळ तिथे ताठ उभा राहिला होता, म्हणजे खाली पाणी. पण इंजिनियरच्या यंत्राला दिवे होते. सभासदांत दोन तट पडले, तेव्हा प्रवीणने सहलीतच निकाल लावायचं ठरवलं. ओअ‍ॅसिसच्या काठी नारळ उभा राहिला तर मशीन गोठ्यामागे लागेल. आडवाच राहिला तर फाटकाजवळ, आणि वाल्मिकने पुन्हा नारळ हातात धरायचा नाही.

"मंजूर," वाल्मिक म्हणाला होता. त्याने दाखवलेल्या विहिरींचं पाणी निम्मी जीप लहानपणापासून पीत आली होती. सोनाबाई तर त्यातल्याच एका विहिरीपायी मिळाली होती. तिच्या बापाने खूश होऊन मुलगी दिली.

डाग एकच होता, शेलूचा. तिथल्या नव्या बिल्डिंगमध्ये काही टवाळांनी त्याला न सांगता जमिनीखालच्या टाकीवरून चालवलं. नारळ ढिम्म. "कोंडलेलं पाणी नारळाला कळत नाय रं, जमिनीच्या पोटातलं कळतं," वाल्मिक सांगत राहिला. शेलूकर अजून हसतात.

ओअ‍ॅसिस पत्रकातल्यासारखंच निघालं. निळंशार गोल तळं, भोवती खजुरांची रांग. कडावच्या पुरुषमंडळींनी ते पाहिलं आणि कपडे काढले.

"नहाना मना है जी," कॅम्पचा गाईड धावत आला. "हजार साल पुराना पानी है."

"हजार वर्सांचं?" सोनाबाई म्हणाली. "मग आता बदलाया झालंय."

तोवर पहिल्या उड्या पडल्या होत्या. बायकांनी काठावर बसून प्रवासातल्या साड्या धुऊन पिळल्या आणि खजुरांवर वाळत घातल्या. गाईड कधी पाण्याकडे बघत होता, कधी घड्याळाकडे.

"येवढं पानी, आन् एक बेडूक नाय," सोनाबाई पाय बुडवून म्हणाली.

"आजी, बेडकांना परवडत नाही इथलं," सुरभी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर परीक्षा झाली. वाल्मिकने टोपी नीट केली, चपला काढल्या, शेंडी बोटांकडे करून नारळ तळहातावर आडवा ठेवला. बावीस माणसं गप्प. कडाव सोडल्यापासून हे प्रथमच घडत होतं.

तो काठाने चालला. नारळ हलला नाही. तो उलट्या बाजूने चालला. नाही. शेवटी गुडघाभर पाण्यात शिरला. नारळ झोपलेल्या मांजरासारखा पडून होता.

"काका, त्याला पन गाडी लागली असंल," मागून कोणीतरी म्हणालं.

पुढची पाच मिनिटं माणसं वाळूवर लोळून हसली. वाल्मिकने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा नारळाकडे.

"पानी तर समोर दिसतंय," तो हळूच म्हणाला. "म्हंजे माजंच चुकलं असंल. चाळीस वर्सं."

"मग माज्या बापाच्या हिरीला पानी काय टपालानं आलं व्हतं?" सोनाबाई कडाडली.

प्रवीणला मनातून वाईट वाटलं, पण शब्द तो शब्द. त्याने तिथूनच कडावला फोन लावला. "मशीन फाटकाजवळच लावा. हां, पक्कं. काकांनी हार मानली."

वाल्मिकने तंबूची खुंटी ठोकायच्या दगडावर नारळ फोडला. खोबरं गोड निघालं. त्याने सगळ्यात मोठा तुकडा स्वतः घेतला, दुसरा सोनाबाईला दिला, आणि फाटकाजवळ पाणी लागलं नाही तर निदान टोमणे मारायला आता आपण मोकळे आहोत हे जाहीर केलं. निघताना सगळ्यांनी तळ्याच्या काठी एक फोटो काढला. वाल्मिक मधोमध, हातात करवंटी. तळं काठापासून वीतभर खाली गेलेलं त्यात छान दिसत होतं.

तिन्ही जीपा टेकाडामागे दिसेनाशा झाल्या. गाईडने खजुरावर राहिलेली एक साडी काढून घडी घातली आणि फोन लावला.

"पार्टी निकल गयी," तो म्हणाला. "आज एक नहीं, दो टँकर भेजना. सब के सब नहा लिए."