दत्तोबाचं नाक

लोणावळ्याच्या बर्फाच्या कारखान्यात सरदार मिस्त्रींनी पंप लावून यंत्राच्या नळ्यांतली हवा पार उपसून काढली आणि नवा अमोनिया गॅस भरायला बाटल्याची चावी किंचित सैल केली. कुठे गळती असलीच तर ती आता वासानेच कळणार होती, आणि मागच्या वर्षीच्या गॅसगळतीच्या अपघातापासून मिस्त्रींना कसलाच वास येत नव्हता. मालकाला हे कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतं. म्हणून तेव्हापासून ते कुणालाही न सांगता मदतनीस दत्तोबाच्या नाकावर निभावून नेत होते.

दोघे एकेक सांधा तपासत शेवटापर्यंत गेले.

"काय रे दत्तोबा?"

दत्तोबाने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "कायबी न्हाई, मिस्त्री."

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चावी पुरती उघडली आणि बाहेर खोळंबलेल्या कामकरी बायांना हाक मारली.

बर्फावर पसरायच्या भुशाची पाटी घेऊन मुक्ताबाई उंबऱ्यात आली आणि नाकाला पदर लावून किंचाळली, "अवो, मरताय का काय तितं! भाईर या आदी!"

मिस्त्रींनी धावत जाऊन चावी बंद केली आणि दत्तोबाला ओढतच अंगणात आणलं. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नाक काय घरी ठेवून आला होतास का रे?" मिस्त्री कडाडले.

दत्तोबा मान खाली घालून पुटपुटला, "मिस्त्री, त्या अपघातात मीबी होतो की. तवापासनं मला वासच येत न्हाई. मी आपला तुमच्या तोंडाकडं बघून सांगतो."