पर्लचं बी

"हे घे तुझं दान!" म्हणत ड्वाइटने लोखंडी शेगडीचं दार उघडलं आणि डबीतल्या सगळ्या बिया जाळावर ओतल्या. फोडणीतल्या मोहरीसारख्या त्या तडतडल्या. बियांच्या अदलाबदलीसाठी डोंगरांतून खाली सभागृहात उतरलेली तीस-पस्तीस माणसं कॉफीचे कप हातात धरून शेगडीकडे वळली.

"अरे, झालं काय?" लेलँडने विचारलं. सत्तरी उलटलेला हा माणूस ड्वाइटचा जन्मभराचा शेजारी.

"मलाच विचारतोस? तुझ्या बिया कशा असतात ते अख्ख्या हम्बोल्ट जिल्ह्याला माहीत आहे. टपोऱ्या, काळपट, पट्ट्यापट्ट्यांच्या. मला काय मिळालं? माझ्याच झाडासारख्या बारक्या, राखाडी! एकीवर पट्टा असेल तर शपथ. तू दिलेला पराग पर्लचा नव्हताच, म्हाताऱ्या!"

पर्ल म्हणजे लेलँडची बायको. तिने स्वयंपाकघरामागच्या वाफ्यात तीस वर्षं गांजाचं एकच वाण जपलं होतं. ती गेली आणि वाणालाच तिचं नाव पडलं. या वसंतात लेलँडने तिच्या शेवटच्या बिया पेरल्या, तर दोनच उगवल्या, एक नर आणि एक मादी. आपापसात वाढवून वाण आधीच किरटं झालं होतं, त्याला बाहेरचं रक्त हवं होतं. म्हणून तो स्वतःच ड्वाइटच्या दारात गेला. तू तुझ्या नराचा पराग मला दे, मी माझ्या नराचा तुला देतो, आणि दोघांकडचं बी निम्मं-निम्मं वाटून घेऊ, असं ठरलं. फिल्मच्या रोलच्या डबीत लेलँडने होता नव्हता तेवढा पराग झटकून दिला.

ड्वाइटकडे 'सिल्व्हर बिशप' होता. तीन वर्षं कलमं करून करून हा नर त्याने तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. तो कुणाला द्यायचा म्हणजे त्याच्या जिवावर येई. दोन घरांत एकच वाण असेल तर त्याला वाण कोण म्हणणार? कंपोस्टच्या ढिगाशेजारी एक लुकडा नर आपोआप उगवला होता. कुठल्या बियाण्याचा, ते देवालाच ठाऊक. त्याचाच पराग ड्वाइटने सुबक कागदात बांधून लेलँडच्या हातावर ठेवला आणि वर "जपून वापर हं," असंही बजावलं.

त्यामुळे शरदात स्वतःच्या झाडाचं बी राखाडी निघालं तेव्हा दुसरी कुठली शंका त्याच्या डोक्यात आलीच नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आणि त्याचा आजचा संताप मुळीच खोटा नव्हता. आपणच फसलो म्हटल्यावर लबाड माणसाला जेवढा राग येतो, तेवढा सज्जनाला कधी येत नाही.

"ड्वाइट," मागच्या खुर्चीवरून कोरीनबाई म्हणाल्या. निम्म्या सभागृहाला त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. "माझ्या तासाला झोपला होतास, तो अजून उठला नाहीस वाटतं?"

लोक हसले.

"बीचं टरफल आईच्या अंगाचं असतं रे. रंग तिचा, पट्टे तिचे. बाप कुणीही असो, अंगरखा आई आपल्याच कापडाचा शिवते. बाप आत असतो. पेरून झाड होईपर्यंत तो दिसत नाही."

"म्हणजे त्या बिया..."

"बरोबर होत्या. आता भाजल्या आहेत."

ड्वाइटने शेगडीकडे पाहिलं. तडतड थांबली होती. पर्लच्या नराचा सगळा पराग त्या बियांत गेला होता आणि तो नर तर लेलँडने उन्हाळ्यातच उपटून टाकला होता.

लेलँडचा चेहरा मात्र उजळला होता. त्याने कोटाच्या खिशातून एक बरणी काढली. आत टपोऱ्या, पट्ट्यांच्या बिया होत्या.

"अरे गाढवा, माझ्याही माझ्याच झाडासारख्या निघाल्या! मला वाटलं, तुझा पराग लागलाच नाही, माझ्याच नराची धूळ उडून बसली असणार. तुला बोललो नाही, उगाच वाईट वाटून घेशील म्हणून. म्हणजे यांच्यात तुझा नर आहे तर! पर्लचं वाण वाचलं म्हण की!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"लेलँड, मी तुझ्या..." ड्वाइटने जळलेल्या बियांकडे बोट केलं.

"जाऊ दे. ही बरणी आहे ना? निम्मं-निम्मं ठरलं होतं. ठरलं ते ठरलं." लेलँडने निम्म्या बिया मोजूनमापून ड्वाइटच्या रिकाम्या डबीत ओतल्या. उरलेल्या तो टेबलावरच्या छोट्या पाकिटांत भरू लागला. तीस घरांत तीस पाकिटं गेली की पर्ल कुठे ना कुठे उगवत राहील, असं तो सगळ्यांना सांगत होता.

पाकिटावर आईबापाचं नाव लिहायचा इथला रिवाज. लेलँडने पेन उघडून पहिल्या पाकिटावर 'आई: पर्ल' असं लिहिलं आणि मान वर केली.

"बघून तर काही कळत नाही म्हणतात बाई. म्हणजे सगळं माणसाच्या शब्दावर. सांग बाबा, बाप म्हणून काय लिहू?"

ड्वाइटला मनापासून लाज वाटली. खरं सांगून टाकावं, असंही त्याला वाटलं. पण पर्लचं वाण त्याच्या नराने वाचवलं म्हणून तीस-पस्तीस माणसं त्याच्याकडे कौतुकाने बघत होती.

"सिल्व्हर बिशप," तो म्हणाला, आणि लेलँडचं पेन अडखळलं तेव्हा त्याने एकेक अक्षरही सावकाश सांगितलं.