बावीस कोयते

सायलीने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून कडुलिंबाखालच्या टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून वर आपला मोबाईल ठेवला. सह्या तेवढ्या राहिल्या होत्या.

रुद्राणीने पेन उघडलं. नेकनूरमधली ही बाग तिची दहावी. बीडमध्ये बसून बागांचे आराखडे करणारी कंपनी चालेल, असं सात वर्षांपूर्वी तिच्या घरातही कुणाला वाटलं नव्हतं. आता पुण्याच्या तीस गुंतवणूकदारांनी मिळून चालवलेलं नेटवर्क तिला भागीदार करून घेत होतं. म्हणजे भांडवल, आणि लातूरपासून नाशिकपर्यंतची कामं. ती खूश होती आणि ते लपवायच्या भानगडीत पडली नव्हती.

"खरं सांगू का," सायली म्हणाली. नेटवर्कतर्फे ती सकाळीच पुण्याहून आली होती. "आमच्या समितीत तुमचं नाव एका आकड्यावर पास झालं. नऊ बागा पूर्ण, आणि माणसं फक्त बावीस. एवढ्या कामाला बाकीच्यांना चाळीस-पंचेचाळीस लागतात."

रुद्राणीचं पेन थांबलं. "बावीस?"

"तुमच्याच फॉर्ममध्ये आहे."

फॉर्म बिभीषणमामांनी भरला होता. मामा तिच्या कामावरचे मुख्य. त्याआधी वीस वर्षं शिरूर कासारहून ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे मुकादम. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोन माणसं, चार हात, हजेरी मात्र एक. रुद्राणीकडे पगार ज्याच्या त्याच्या आणि जिच्या तिच्या खात्यात जातो, पण मामांच्या डोक्यातली मोजणी काही बदलली नव्हती. आणि एरवी आराखड्यात वीतभर चूक निघाली तर ऑफिस डोक्यावर घेणाऱ्या रुद्राणीने हा फॉर्म न वाचताच सही करून पाठवला होता.

तिने हाक मारली. "मामा, आपण किती जण आहोत?"

"बावीस कोयते," मामा अभिमानाने म्हणाले.

"माणसं किती?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कागदांकडे. त्यांना उमगलं. रुद्राणीला चार पावलं बाजूला नेऊन ते हळूच म्हणाले, "ताई, पास झालंय नव्हं? मंग कावून उकरायलाव? बाया रोजंदारीवर हाईत म्हना. कोन बघायलंय?"

भिवराबाई बघत होती. जवळच गुडघे टेकून ती करंजाच्या रोपाला आळं करत होती. कुठलं रोप उन्हाळा काढणार आणि कुठलं माना टाकणार, हे ती नुसती मुळं बघून सांगते, आणि रुद्राणी तिला विचारल्याशिवाय नर्सरीची गाडी उतरवून घेत नाही. आता तिचा मातीतला हात जागच्या जागी होता. सगळं ऐकू आलं होतं.

रुद्राणीला मोह झालाच. रोजंदारी हा एक शब्द उच्चारायचा, की जेवणाच्या आत सगळं पक्कं. मग तिला स्वतःचाच राग आला. ती टेबलाशी आली आणि तिने पेनचं टोपण लावलं.

"सायली मॅडम, आकडा चुकलाय. आम्ही चव्वेचाळीस आहोत. बावीस बायका मोजल्याच नाहीत. चूक माझी."

सायलीने कागद सरळ केले. "मग तुम्ही बाकीच्यांसारख्याच झालात की. हे मला आज पुढे नेता येणार नाही."

"नका नेऊ. पण बाकीच्यांची किती झाडं दुसरा उन्हाळा बघतात, ते एकदा विचारा. आमच्या नऊच्या नऊ बागा टँकरशिवाय उभ्या आहेत. मे महिन्यात या, भर दुपारी दोनला या. खुर्च्या झाडाखालीच टाकते."

सायली मोबाईल घेऊन लांब गेली. बराच वेळ बोलत राहिली. बोललेलं मागे घ्यावं असं रुद्राणीला एकदाही वाटलं नाही.

"समितीचे अमरसिंह सर स्वतः मे महिन्यात येतायत," सायली परत येऊन म्हणाली. "बागा बघूनच ठरवतील. तोवर सही नाही. नावांची यादी मात्र आजच पाहिजे. सगळ्यांची."

"सगळ्यांचीच देते," रुद्राणी म्हणाली.

मामांनी कोरा कागद पुढे ओढला. बावीस पुरुषांची नावं त्यांनी मान वर न करता लिहून काढली. मग ते थांबले आणि त्यांनी भिवराबाईला बोलावलं. पदराला हात पुसत ती टेबलाशी आली.

"मुकादम, सोळा वरीस मी तुमच्या टोळीत व्हते," ती म्हणाली.

"व्हय की."

"तवा बी मला मोजलंच न्हवतं का?"

मामांनी तेविसावा आकडा घातला आणि त्यापुढे भिवराबाई असं लिहिलं. पेन तसंच टेकवून विचारलं, "फुडं नवऱ्याचं नाव लिवू ना?"

"त्येंचं वर लिवलंय की," भिवराबाई म्हणाली. "हितं माझंच ऱ्हाऊ द्या."