हैदराबादचा दाखला

मन्मथअप्पांनी चष्मा पुसला आणि कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला. राणीसावरगावच्या शाळेत मुलाखत घ्यायला बसलेल्या तिघांत उर्दू वाचता येणारे ते एकटेच. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि शिक्षण सगळं निजामाच्या काळातलं. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब आणि हेडमास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

समोर खुर्चीच्या कडेवर भगवानराव बसले होते. मूळचे पिंगळीचे, वय अडतीस. हैदराबाद, कलकत्ता, बंगलोर, गोवा आणि शेवटी मुंबईतल्या एका गिरणीचा संघ, अशी सोळा वर्षं त्यांनी फुटबॉल खेळून पोट भरलं होतं. आता गुडघा कुरकुरायला लागला होता. शाळेला फुटबॉल शिकवणारा मास्तर पाहिजे, अशी चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात जाहिरात आली, ती वाचून ते आले होते. बाकीचे दाखले इंग्रजीत टाईप केलेले. हा एकच हातानं, उर्दूत लिहिलेला. हैदराबाद सोडताना त्यांना खेळ शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादानं तो त्यांच्या खिशात कोंबला होता. भगवानरावांना उर्दू बोलता येई, वाचता येत नसे. बारा वर्षं त्यांनी तो ट्रंकेत जपला, पण कुणाकडून वाचून घ्यायचा धीर झाला नाही. उस्तादानं तोंडावर कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

"ये आदमी एक जगह टिकता नहीं," मन्मथअप्पांनी वाचलं.

आबासाहेबांनी मान वर केली.

"पकडने जाओ तो हाथ नहीं आता. दो-दो आदमियों को चकमा देकर निकल जाता है."

मन्मथअप्पा थांबले. दुकानात गडी ठेवताना असल्या चिठ्ठ्या त्यांनी पुष्कळ वाचल्या होत्या, पण इतकं उघड कुणी लिहिलेलं पाहिलं नव्हतं. पुढचं त्यांनी आवाज उतरवून वाचलं. हा बघतो डावीकडे आणि जातो उजवीकडे, याच्या नजरेवर जो विश्वास ठेवील तो फसलाच म्हणून समजा, असा त्याचा अर्थ होता.

आणि भगवानराव हसत होते. एकेका वाक्याला ते खुर्चीत थोडे थोडे ताठ होत गेले. शेवटी त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले आणि अजून एकदा वाचता का, म्हणून अप्पांना विनंती केली.

हेडमास्तरांनी यादीतल्या त्यांच्या नावापुढे पेन्सिलीनं बारीक फुली मारली.

मन्मथअप्पांनी परत वाचलं नाही. सोळा वर्षांत पाच गावं का झाली, ते त्यांनी विचारलं. भगवानरावांनी सांगितलं, एक संघ मोडला, एका ठिकाणी तरणा खेळाडू आणला, एका ठिकाणची हवा मानवली नाही. मग दाखल्यात लिहिलंय त्याचं काय, असं अप्पांनी विचारल्यावर ते म्हणाले, की फुटबॉलात ते चांगलंच समजतात.

"फसवणं?"

"व्हय," भगवानराव म्हणाले.

त्यांची बायको मालनबाई बाहेर व्हरांड्यात ट्रंकेवर बसली होती. पाचही गावांत संसार मांडला तिनं आणि उचललाही तिनंच. आबासाहेबांनी शिपायाला सांगून तिला आत बोलावलं. मन्मथअप्पांनी दाखला तिलाही वाचून दाखवला, जरा सौम्य करून, आणि यावर तिचं काय म्हणणं आहे ते विचारलं.

मालनबाईनं पदर सारखा केला. "लिवलंय ते खरं हाय."

हेडमास्तरांनी फुली गडद केली.

"पण ते मैदानातलं हाय," ती म्हणाली. "घरी हे बसल्या जाग्यावरून हलत न्हाईत. पाणी बी हातात द्यावं लागतं. आन् चकम्याचं म्हणाल तर सोळा वर्षांत मला एक देता आला न्हाई. बिडी वढून आले की दारातच कळतंय."

आबासाहेबांनी यादीतल्या फुलीवर बोट ठेवलं.

"मैदानातले ठेवून घेऊ. घरच्यावानी जागचे न हलणारे मास्तर शाळेत आधीच सहा हायत."

हेडमास्तर खोडरबर शोधायला लागले.

मन्मथअप्पांचं मात्र समाधान होईना. त्यांनी एक अट घातली. पोरांना पळणं शिकवा, लाथ मारणं शिकवा, पण तेवढा चकमा शिकवायचा नाही. भगवानराव पहिल्यांदाच ठामपणे बोलले. म्हणाले, "मग पोरं हरतील, अप्पा. दर खेपेला."

मन्मथअप्पांनी विचार केला. मैदान कुठं संपतं ते त्यांनी विचारलं. चारी बाजूंनी चुन्याच्या फक्कीची रेघ असते, असं भगवानरावांनी सांगितलं.

"मग त्या रेघेच्या आत शिकवा. भायेर मला चालायचं न्हाई."

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात संध्याकाळी पहिला खेळ झाला. मन्मथअप्पा आधीच येऊन उभे होते, कपाळावर भस्माचे पट्टे, धोतराचा सोगा हातात. जिथं फक्की विरळ पडली होती तिथं त्यांनी शिपायाला दुसऱ्यांदा टाकायला लावली.

खेळ चालू होऊन दहा मिनिटं झाली असतील. त्यांचा आठवीतला नातू वीरभद्र चेंडू घेऊन निघाला. त्यानं डावीकडे बघितलं, समोरची दोन्ही पोरं डावीकडे धावली, आणि हा उजवीकडून निघून गेला. पोरं एकमेकांवर आपटून खाली बसली.

मन्मथअप्पा मोठ्यानं हसले. मग एकदम आपले पाय रेघेच्या कुठल्या बाजूला आहेत ते त्यांनी खाली वाकून बघितलं.